फोटो बघण्याआधी विचारा : भिंग किती वेळ उघडं होतं?

जुना फोटो पुरावा म्हणून वापरणार असाल, तर त्यात काय दिसतंय हा दुसरा प्रश्न. पहिला असा : फोटो घेताना भिंग किती वेळ उघडं होतं? आपल्याकडे पद्धतीशास्त्राच्या तासाला हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितेय.

१८३८ मध्ये दागेरनं पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून बुलेव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचं चित्र घेतलं. रस्ता पार मोकळा दिसतो. फक्त एका कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा माणूस उभा आहे. बघणाऱ्याला वाटेल, पहाटेची वेळ असावी. पण या रस्त्यावर माणसांची आणि गाड्यांची सतत ये-जा असे, हे आपल्याला कळतं ते सॅम्युअल मोर्सच्या पत्रातून. हाच तारयंत्रवाला मोर्स! १८३९ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये त्यानं दागेरचं काम पाहिलं आणि घरी लिहिलं, की हलणारं काहीच उमटत नाही. तेव्हा आजच्यासारखं शटर नव्हतंच. भिंगावरचं झाकण काढायचं, काही मिनिटं थांबायचं आणि परत लावायचं. तेवढ्या वेळात जो चालत गेला तो पुसला गेला. जो पाय टेकवून उभा राहिला तो इतिहासात राहिला. म्हणजे चित्र खोटं नाही, पण त्यावरून गर्दीचा अंदाज बांधाल तर फसाल. १९ व्या शतकातल्या मुंबईच्या एखाद्या फोटोत रस्ता सुनसान दिसला, तर तिथेही आधी हेच तपासा.

स्वतःचा फोटो घेणाऱ्यांची तर आणखी पंचाईत. १८४० मध्ये इपोलित बायार या फ्रेंच माणसानं स्वतःला बुडून मेलेला दाखवलं : उघडं अंग, मिटलेले डोळे. फोटोग्राफीची आपली वेगळी पद्धत त्यानं शोधली होती, पण सरकारी मान दागेरला मिळाला, त्याचा हा निषेध. मागे तसा मजकूरही लिहिलाय. आता बघा, त्याच्या पद्धतीत मिनिटांचा हिशेब होता. इतका वेळ पापणी न हलवता बसणार कोण? डोळे मिटणं सोयीचंच. मला हे सोंग फार आवडतं, कारण त्यात तंत्राची अडचणच गोष्टीचा भाग झालीये. (बायार पुढे १८८७ पर्यंत जगला.)

मग मायब्रिज येतो. जून १८७८, कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो : धावपट्टीलगत १२ कॅमेरे, आडवे ताणलेले दोरे, घोडी धावली की एकेक शटर सुटणार. उघडझाप सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षाही कमी, असा त्याचा दावा. चारही पाय हवेत असतात हे दिसलं, पण चित्रकार दाखवत तसे पुढेमागे ताणलेले नाही, तर पोटाखाली गोळा झालेले.

इथे आपण निर्धास्त होतो. शटर वेगवान, म्हणजे पुरावा पक्का! पण १८८७ चा त्याचा ७८१ पानांचा 'ॲनिमल लोकोमोशन' हा संच उघडा. त्यात मायब्रिज स्वतःही नग्न मॉडेल म्हणून आहे. चालतोय, पायरी चढतोय, कुदळ मारतोय. यादीत मात्र नाव नाही. फक्त माजी खेळाडू, वय साठच्या आसपास. जन्म १८३० चा, म्हणजे तेव्हा तो पंचावन्नच्या आगेमागे होता. वयाचं सोडा, मुद्दा क्रमाचा आहे. मार्ता ब्राउन या अभ्यासिकेनं हा संच बारकाईनं तपासला, तेव्हा काही पानांत मधल्या फ्रेम्स गायब, तर काहींत दुसरीकडच्या आणून बसवलेल्या आढळल्या. एकेक फ्रेम खरी, पण ओळ मात्र जुळवलेली. मागच्या चौकटींच्या भिंतीमुळे सगळं इतकं शास्त्रीय दिसतं, की क्रमावर शंका घ्यायचं आपल्याला सुचतच नाही.