तळटीप ७ : स्नीकबॉक्स

७. स्नीकबॉक्स : अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्यावरील बार्नेगॅट या उथळ खाडीत बदकांचे शिकारी वापरत ती एकट्याने चालवायची लाकडी होडी. वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमन यांनी ती १८३६ च्या सुमारास प्रथम बांधली, असे मानले जाते. लांबी साधारण १२ फूट, रुंदी ४ फूट. तळ पळीसारखा गोलसर असल्याने ती वीतभर पाण्यातही तरंगते. वरची बाजू जवळजवळ सगळी फळ्यांनी झाकलेली असते. मध्ये माणूस शिरेल एवढेच तोंड. शिकारी आत आडवा होई, वर दलदलीतले गवत पसरी आणि पक्षी टप्प्यात येईपर्यंत हालचाल न करता पडून राही. लाकूड त्याच भागातल्या पाणथळ रानांतल्या पांढऱ्या सीडरचे, वजनाला हलके आणि सहसा न कुजणारे. खाडी गोठली की तळाच्या पट्ट्यांवर होडी बर्फावरून ढकलत नेत. इतक्या लहान होडीत कामाचा इतका बारीक विचार क्वचितच आढळतो. नॅथॅनिएल बिशप यांनी १८७५-७६ च्या हिवाळ्यात अशाच होडीतून पिट्सबर्गहून ओहायो व मिसिसिपी नद्यांवाटे मेक्सिकोचे आखात गाठले. त्यांचे प्रवासवर्णन १८७९ साली प्रसिद्ध झाले. प्रस्तुत परिच्छेदात बदके मारून बाजारात विकणाऱ्यांचा जो उल्लेख आहे, तो १९१८ पूर्वीचा समजावा. त्या वर्षीच्या केंद्रीय कायद्याने रानबदकांच्या विक्रीला बंदी आली.