घरगुती दुरुस्तीनंतर मोटारगाडी सुरू न होणे

घरगुती दुरुस्तीनंतर मोटारगाडी सुरू न होणे हा वाहनांच्या देखभालीत वारंवार आढळणारा बिघाडाचा प्रकार आहे. बॅटरी बदलणे, स्पार्क प्लग किंवा इंधन फिल्टर बसवणे, थ्रॉटल बॉडी स्वच्छ करणे, इंजिन धुणे, टायमिंग बेल्ट बदलणे यांसारखी कामे घरच्या घरी केल्यानंतर, कामापूर्वी व्यवस्थित चालणारे इंजिन सुरू होत नाही. अशा वेळी गाडीत योगायोगाने नवा दोष उद्भवण्यापेक्षा जोडणी सुटलेली राहणे, वायरींची अदलाबदल होणे किंवा इंधनमार्गात हवा शिरणे ही कारणे अधिक संभवतात. त्यामुळे निदानाचा प्रारंभ हात लागलेल्या जागेपासून केला जातो. महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांत अतिवृष्टी, कृष्णेचे पूर आणि डोंगराळ भागातील थंडी यांमुळे या बिघाडाला काही स्थानिक कारणेही लाभतात.

## पार्श्वभूमी

पेट्रोल इंजिन सुरू होण्यासाठी ते पुरेशा वेगाने फिरणे, त्यात हवा व इंधन योग्य प्रमाणात येणे, पुरेसा दाब निर्माण होणे आणि योग्य क्षणी ठिणगी पडणे आवश्यक असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. दुरुस्तीत यांपैकी एका गोष्टीत जरी खंड पडला, तरी इंजिन सुरू होत नाही.

आरंभीच्या मोटारी हँडल मारून सुरू कराव्या लागत. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेवरील स्टार्टर बसवण्यात आला. बोलीभाषेत यालाच 'सेल्फ' म्हणतात. सेल्फमुळे हाताचे श्रम वाचले, मात्र गाडी सुरू होणे बॅटरी, वायरी व स्विचांवर अवलंबून राहू लागले. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग वापरून बनवलेली छोटी जीप हे याच्या उलट उदाहरण आहे. ती दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होत असे. २०२१ च्या अखेरीस ती देशभर प्रसिद्ध झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये महिंद्रा कंपनीने त्या बदल्यात लोहार कुटुंबाला बोलेरो गाडी दिली.

## लक्षणांवरून निदान

चावी फिरवल्यावर ऐकू येणारा आवाज हा निदानाचा पहिला आधार असतो.

- आवाज नाही व दिवेही नाहीत: बॅटरीचे टर्मिनल सैल किंवा गंजलेले असणे, मुख्य फ्यूज उडणे अथवा अर्थची वायर जोडायची राहणे.
- दिवे प्रखर, पण सेल्फ फिरत नाही: सेल्फची बारीक वायर सुटणे, क्लच किंवा गिअरच्या सुरक्षा स्विचची जोडणी राहणे, रिले निकामी होणे.
- जलद टकटक आवाज व दिवे मंद होणे: बॅटरी उतरलेली असणे किंवा जोडणीत विद्युतरोध वाढणे.
- सेल्फ नुसताच फिरतो, इंजिन फिरत नाही: सेल्फचे दात फ्लायव्हीलच्या दातांत न अडकणे.
- इंजिन फिरते, पण पेटत नाही: इंधन, ठिणगी, सेन्सर किंवा चोरीरोधक यंत्रणेतील दोष.
- इंजिन नेहमीपेक्षा हलके व भरभर फिरते: दाब न बनणे; टायमिंग बेल्ट तुटणे किंवा चुकीचा बसणे.
- इंजिन जागेवर अडकते: सिलिंडरमध्ये पाणी शिरणे किंवा यांत्रिक अडथळा.

## कारणे

### विद्युत जोडणी

पूर्ण भारित १२ व्होल्टची बॅटरी विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्टच्या आसपासची बॅटरी जवळजवळ उतरलेली मानतात. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेल्यास बॅटरी किंवा तिच्या जोडण्या संशयास्पद ठरतात. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनापर्यंतची अर्थ वायर रंग किंवा गंज असलेल्या पृष्ठभागावर कसली गेल्यास दिवे लागतात, पण सेल्फला लागणारा मोठा प्रवाह मिळत नाही. गिअरबॉक्स किंवा सेल्फ उतरवून पुन्हा बसवल्यावर ही वायर राहून जाण्याची शक्यता अधिक असते.

### इंधनमार्ग

इंजेक्शन असलेल्या अनेक पेट्रोल गाड्यांत चावी 'ऑन' केल्यावर टाकीतील पंपाची गुणगुण दोन-तीन सेकंद ऐकू येते. ती न आल्यास पंपाचा फ्यूज, रिले आणि प्लग-जोडणी तपासतात. डिझेल गाडीत फिल्टर बदलल्यावर मार्गात हवा अडकते. ती हातपंपाने इंधन भरून बाहेर काढावी लागते. याला 'एअर काढणे' म्हणतात. शेतातील विहिरीवरचे ऑइल इंजिन हाताळणाऱ्यांना ही कृती परिचित असते. आधुनिक कॉमन रेल इंजिनात मात्र उच्च दाबाच्या नळ्या सैल करून एअर काढणे धोक्याचे असते.

### ठिणगी आणि टायमिंग

जुन्या डिस्ट्रिब्युटर पद्धतीच्या इंजिनात प्लगच्या वायरींचा क्रम चुकल्यास इंजिन फटके मारते किंवा पेटतच नाही. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत हा क्रम १-३-४-२ असतो. टायमिंग बेल्ट एक-दोन दात जरी चुकला, तरी झडपांची उघडझाप अवेळी होते. काही इंजिनांत अशा स्थितीत पिस्टन झडपांवर आदळून त्या वाकतात. म्हणून बेल्टचे काम झालेले असल्यास वारंवार सेल्फ मारण्याआधी खुणा जुळवून पाहणे आणि इंजिन पान्याने सावकाश दोन फेरे फिरवणे इष्ट ठरते.

### सेन्सर व चोरीरोधक यंत्रणा

एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडी किंवा सेल्फजवळ काम करताना सेन्सरचे प्लग सुटू शकतात. क्रँकशाफ्टच्या गतीचा सेन्सर जोडलेला नसल्यास बहुतेक आधुनिक इंजिनांत ठिणगी व इंधन दोन्ही बंद राहतात. डॅशबोर्डवरील चावी किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहिल्यास गाडीने चावी ओळखलेली नाही, असा अर्थ होतो.

## तपासणीचा क्रम

१. केलेल्या कामाची यादी करून काढलेला प्रत्येक नट, वायर, नळी व प्लग पुन्हा पाहणे.
२. उरलेले स्क्रू, क्लिपा किंवा वॉशर कोणत्या जागेचे आहेत, हे शोधणे.
३. बॅटरीचे व्होल्टेज, टर्मिनल आणि अर्थ तपासणे.
४. फ्यूज पाहणे, उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच क्षमतेचाच फ्यूज घालणे.
५. इंधन पोहोचते की नाही, ते पाहणे.
६. ठिणगी किंवा डिझेल गाडीत हीटर प्लग तपासणे.
७. शेवटी दाब व टायमिंग तपासणे.

एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहिल्यास मूळ कारण निश्चित करता येते. अंदाजाने एकामागून एक भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि मूळ चूक झाकली जाते. सेल्फ सलग १० सेकंदांहून अधिक मारू नये; दोन प्रयत्नांमध्ये सेल्फ थंड होऊ द्यावा.

## सातारा व सांगली परिसरातील विशेष कारणे

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात, विशेषतः महाबळेश्वर परिसरात, पावसाळ्यात अतिवृष्टी होते. दीर्घकाळ दमट हवेत उभ्या असलेल्या गाडीच्या टर्मिनलांवर व अर्थच्या जोडण्यांवर गंज चढतो. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या परिसरात कधीकधी दवबिंदू गोठतात. अशा थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि डिझेल इंजिनाचे हीटर प्लग सदोष असल्यास ते लगेच उघड होते.

सांगली शहरात ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पाणीपातळी ५७ फुटांवर गेली होती. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्येही शहरात पुन्हा पूर आला. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओसरल्यानंतर लगेच सुरू करण्याचा प्रयत्न हानिकारक ठरतो. पाणी दाबले जात नसल्याने सिलिंडरमध्ये ते असताना सेल्फ मारल्यास किंवा धक्का दिल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून प्रथम बॅटरी तोडतात, एअर फिल्टर व इंजिन तेल पाहतात आणि प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढतात. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळलेले असते. ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये.

## सुरक्षितता

तपासणीपूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडतात आणि बसवताना शेवटी जोडतात. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना काळ्या केबलचे अखेरचे टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावतात. कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. फ्यूजऐवजी तार गुंडाळल्यास वायरिंग जळून आग लागू शकते. पेट्रोल किंवा सीएनजीचा वास येत असल्यास सेल्फ मारू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइडमुळे जीव जाऊ शकतो. हायब्रिड व विजेवरील गाड्यांतील नारिंगी केबल उच्च दाबाच्या असल्याने त्यांना प्रशिक्षित तंत्रज्ञाव्यतिरिक्त कोणीही हात लावू नये. टायमिंग, एअरबॅग किंवा सिलिंडरमधील पाणी यांबाबत शंका असल्यास गाडी सुरू करण्याचा प्रयत्न न करता ती ओढून कार्यशाळेत नेणे सुरक्षित असते.