बेदाण्याची पट्टी आणि पाकिटावरचा पत्ता

कवठे महांकाळ तालुक्यात तयार होणाऱ्या बेदाण्याचा मोठा गिऱ्हाईक पहिल्यापासून तालुक्याबाहेरचा आहे, आणि येथील छोट्या उत्पादकाने ऑनलाइन विक्रीकडे वळणे म्हणजे काय, हे समजून घेताना ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवावी लागते. दूरच्या माणसाला माल विकणे येथे नवे नाही. नवे आहे ते विकणाऱ्याचे नाव त्या माणसापर्यंत पोहोचणे.

हा प्रदेश पर्जन्यछायेतला, अग्रणी नदीच्या काठचा आणि दुष्काळाशी जुनी ओळख असलेला. 1949 साली दक्षिण सातारा म्हणून निर्माण झालेल्या आणि 1960 पासून सांगली या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचा हा पूर्वभाग. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी अरुंदमापी लाइन 1927 साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली, तेव्हा कवठे महांकाळ तिच्यावरचे एक स्थानक झाले. पुढे म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी या चढावर आणले आणि द्राक्षबागा वाढल्या. परंतु बेदाण्याच्या धंद्याला येथे बसवले ते पाण्याने जितके, तितकेच पाण्याच्या अभावाने. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांतील कोरडी हवा आणि वाहता वारा द्राक्ष वाळवण्यास इतका अनुकूल आहे, की मिरज-पंढरपूर रस्त्याच्या दुतर्फा शेड उभ्या राहिल्या आणि इतर भागांतील बागायतदारही आपला माल वाळवण्यासाठी इकडे आणू लागले. थॉमसन सीडलेस किंवा तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेशसारख्या बिनबियांच्या जातीचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ यांच्या द्रावणात बुडवतात, त्यामुळे सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो, आणि मग ते शेडमधल्या जाळ्यांच्या रॅकवर पसरले की साधारण पंधरा-वीस दिवसांत वाळतात. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उन्हात न वाळवता सावलीत वाळवल्याने त्याचा हिरवट रंग टिकतो आणि बाजारात भाव त्या रंगालाच मिळतो.

हा बेदाणा सांगली आणि तासगाव येथील सौद्यांत, म्हणजे उघड लिलावांत, विकला जातो. उत्पादकाचा माल अडत्याच्या दुकानी उतरतो, खोके फोडून खरेदीदार तो पाहतात, बोली होते, आणि शेवटी उत्पादकाच्या हाती पट्टी येते. पट्टी म्हणजे वजन, दर, तूट, हमाली, तोलाई यांचा हिशेब मांडलेला कागद. या व्यवस्थेचे दोष सर्वश्रुत आहेत. माल पाहताना मूठमूठ बेदाणा जमिनीवर सांडण्याच्या प्रकाराला तर ‘उधळण’ असे नावच पडले, आणि ती थांबवण्यासाठी बाजार समित्यांना बंदी घालावी लागली. पैसे उधारीवर फिरत असल्याने दिवाळीपूर्वी सौदे काही काळ बंद ठेवून सर्व येणी-देणी मिटवण्याची प्रथा पडली. तिला बाजारात ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. तरीही अडत्याला केवळ मधला माणूस म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल, कारण वजन, प्रतवारी, गिऱ्हाईक शोधणे आणि अडीनडीला उचल देणे ही चार कामे तो एकटा करीत आला आहे. ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्याला जी अडचण सर्वांत उशिरा कळते ती हीच, की अडत्या गेला तरी ही कामे जात नाहीत.

टपालाने माल मागवण्याची रीतही या मुलखाला परकी नाही. 1877 साली भारतीय टपाल खात्याने व्हीपीपी, म्हणजे पोस्टमनने पार्सल देताना किंमत वसूल करून ती पाठवणाऱ्याकडे पोहोचवण्याची सोय, सुरू केली; 2010 मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणून जे आणले त्याचे मूळ तत्त्व तेच. याच जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीत 1910 साली वसलेल्या नांगरांच्या कारखान्याने 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे गृहपत्र काढले, आणि न पाहिलेल्या मालाविषयी दूरच्या वाचकाचा विश्वास मिळवायचा तर छापील मजकूर कामाला लागतो, हे त्याने दाखवून दिले. आजच्या विक्रीच्या पानावरील छायाचित्र आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय हेच काम करतात. उधळणीची जागा त्यांनी घेतली आहे.

2016 साल या दृष्टीने महत्त्वाचे ठरते, कारण त्या वर्षी सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावावर या प्रदेशाचा कायदेशीर हक्क प्रस्थापित झाला, आणि त्याच वर्षी यूपीआयही आले. कराचा भाग मात्र गुंतागुंतीचा राहिला. ऑनलाइन मंचावरून माल विकणाऱ्या व्यापाऱ्यास उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून उलाढालीच्या मर्यादेतल्या आणि आपल्याच राज्यात विकणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. त्यामुळे इतरांचा बेदाणा घेऊन पाकिटे भरणाऱ्या येथील छोट्या विक्रेत्याला पुणे सोपे आणि शेजारचे अथणी अवघड झाले, कारण अथणी कर्नाटकात आहे. स्वतःचा बेदाणा विकणाऱ्या शेतकऱ्यावर हा करच नाही, असा खुलासा जीएसटी परिषदेने डिसेंबर 2024 मध्ये केला. पैशाची वाटही पूर्वीइतकीच लांब असू शकते, कारण मंच विक्रेत्याला रक्कम देतो ती बहुधा माल परत करण्याची मुदत उलटल्यावर. तीही एक प्रकारची उधारीच.

खरा फरक वेष्टनावर दिसतो. सौद्यात उत्पादकाचे नाव पट्टीपुरते असते आणि माल शीतगृहात गेला की पुसले जाते. वेष्टित मालाच्या नियमांनी मात्र पाकिटावर निव्वळ वजन आणि किमतीबरोबर पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक केले आहे, आणि खाद्यपदार्थ असल्याने अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांकही लागतो. त्या पत्त्याच्या शेवटी पिनकोड येतो. कोकणात जन्मलेले संस्कृत कवी आणि टपाल अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. कवठे महांकाळचा क्रमांक 416405 आहे.