उंबरठ्यावरचे इंग्रजी : म्हैसूर आणि विद्यापीठपूर्व साहित्यशिक्षण

इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनाचा भारतातील इतिहास बहुधा पदवी आणि पदव्युत्तर वर्गांच्या आधारे लिहिला जातो. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात या विषयाचे वसाहतकालीन मूळ उलगडून दाखवल्यावरही अभ्यासकांची नजर प्रामुख्याने महाविद्यालयांवर राहिली. शाळा संपल्यानंतरचा आणि पदवीपूर्वीचा टप्पा त्यामानाने दुर्लक्षित राहिला. वास्तविक बहुसंख्य विद्यार्थ्यांचा इंग्रजी कवितेशी व कथेशी पहिला गंभीर परिचय येथेच होतो आणि अनेकांचा तो शेवटचाही ठरतो. हा टप्पा एकाच वेळी वाचनाचा वर्ग असतो आणि प्रवेशाची चाळणीही. या दोन भूमिकांमधील ताण म्हैसूरच्या वाङ्मयीन इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसतो.

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ साली झाली. तोपर्यंत महाराजा कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते. त्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे बी. एम. श्रीकंठय्य (१८८४-१९४६) यांनी १९११ साली धारवाड येथील व्याख्यानात कन्नड भाषेच्या पुनरुज्जीवनाचा प्रश्न मांडला होता. पुढे १९२६ साली त्यांचा ‘इंग्लिश गीतेगळु’ हा अनुवादसंग्रह प्रसिद्ध झाला. पालग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’ या संकलनातील कवितांचा त्यात मोठा वाटा होता. हे संकलन भारतीय महाविद्यालयांत पाठ्यपुस्तक म्हणून वर्षानुवर्षे वाचले जात होते. परीक्षेसाठी नेमलेल्या कवितांतून श्रीकंठय्यांनी कन्नड भावकवितेची नवी लय घडवली. दुसऱ्या अक्षराच्या प्रासाचे जुने बंधन त्यांनी दूर सारले आणि मात्रागणांच्या नव्या रचना रूढ केल्या. इंग्रजीच्या प्राध्यापकाने आपल्या विषयाचे फळ दुसऱ्या भाषेच्या पदरात टाकावे, ही घटना तौलनिक अभ्यासकाला महत्त्वाची वाटली पाहिजे.

त्याच शहरात शिकणाऱ्या कुवेम्पूंचा प्रवासही याच दिशेने झाला. शाळकरी वयात त्यांनी इंग्रजीत कविता लिहिल्या आणि ‘बिगिनर्स म्यूज’ हा त्यांचा लहानसा संग्रह १९२२ साली निघाला. आयरिश कवी जेम्स कझिन्स यांनी त्यांना मातृभाषेत लिहिण्याचा सल्ला दिला. हाच विद्यार्थी कन्नडचा महाकवी झाला आणि १९५६ साली म्हैसूर विद्यापीठाचा कुलगुरूही.

तिसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. आर. के. नारायण यांचे वडील म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. घरात आणि शाळेच्या ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकांची वाण नव्हती. तरीही १९२५ साली विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत नारायण नापास झाले, आणि तेही इंग्रजीत. पुढचे वर्ष त्यांनी घरी वाचनात व लेखनात घालवले. १९२६ साली परीक्षा देऊन ते महाराजा कॉलेजात गेले आणि १९३० साली पदवीधर झाले. १९३५ साली त्यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. पुढे ‘द इंग्लिश टीचर’ (१९४५) या कादंबरीत त्यांनी असा नायक उभा केला, जो कॉलेजातील इंग्रजीची नोकरी सोडून लहान मुलांच्या शाळेत जातो.

मराठी वाचकाला येथे केशवसुत आठवल्यावाचून राहणार नाहीत. इंग्रजी भावकवितेचे वळण मराठीत रुजवणारा आणि १८९२ साली मराठीत सुनीत लिहिणारा हा कवी विशी ओलांडल्यानंतर, १८८९ साली, मॅट्रिक झाला. श्रीकंठय्य परीक्षेच्या यंत्रणेच्या आत राहून जे करत होते, तेच केशवसुतांनी तिच्या उंबरठ्यावर ताटकळत असताना सुरू केले होते. दोन्ही ठिकाणी इंग्रजी कवितेचे खरे वाचन प्रश्नपत्रिकेच्या कक्षेबाहेर झाले.

मात्र या उदाहरणांतून सुखद निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. नारायण यांना नापास झाल्यानंतर वर्षभर निवांतपणे वाचता आले, कारण घरात पुस्तके होती आणि वडिलांचा पगार होता. ज्यांच्या घरी दोन्ही नव्हते, त्यांचे शिक्षण एका विषयातील अपयशाने थांबले आणि त्यांची नावे वाङ्मयाच्या इतिहासात आली नाहीत. अनिवार्य इंग्रजीचा विचार करताना ही बाजू दृष्टीआड करता येत नाही.

कर्नाटकाच्या पदवीपूर्व अभ्यासक्रमात २०१० नंतरच्या दशकात आलेले ‘स्प्रिंग्ज’ हे दुसऱ्या वर्षाचे इंग्रजी पाठ्यपुस्तक या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहे. त्यात यीट्सच्या बरोबरीने नेरूदा, बोर्खेस, टॉलस्टॉय आणि अचेबे आले, पी. लंकेश आणि चल्लापल्ली स्वरूपा राणी आल्या. आणि कुवेम्पूंची कविता इंग्रजी अनुवादात आली. ज्या कवीने शाळकरी वयात इंग्रजीचा हात सोडून कन्नडची वाट धरली, तो असा इंग्रजीच्या तासाला परतला. ‘इंग्रजी वाङ्मय’ या नावाखाली येथे प्रत्यक्षात अनुवादित विश्वसाहित्य शिकवले गेले. तौलनिक साहित्य ही विद्याशाखा विद्यापीठांत अद्याप आपली जागा शोधत असताना, तिचा पाठ सतरा-अठरा वर्षांच्या मुलांपर्यंत नाव न घेता पोहोचला होता. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी माध्यमातून दहावी झालेल्या आणि कर्नाटकाच्या पदवीपूर्व वर्गात आलेल्या विद्यार्थ्याच्या हातीही हेच पुस्तक पडले. त्याच्या दृष्टीने कुवेम्पूही इंग्रजीमार्गे भेटणारे कवी ठरले; शेजारच्या भाषेचा कवी तिसऱ्या भाषेतून वाचावा लागणे, हा सीमाभागाच्या भाषिक इतिहासाचाच एक भाग आहे.

पाठ्यपुस्तक बदलले, तरी परीक्षेचे स्वरूप त्या प्रमाणात बदलले नाही. अनुवादित कविता अनुवाद म्हणून वाचावी, तिच्या मूळ भाषेचा विचार करावा, अशी अपेक्षा प्रश्नपत्रिका सहसा करत नाही. सारांश आणि ठरावीक उत्तरे यांवरच तिचा भर असतो. श्रीकंठय्यांनी नेमलेल्या कवितेला दुसऱ्या भाषेत नेऊन पाहिले, हा त्यांच्या अध्यापनाचा सर्वांत मोलाचा भाग होता. कन्नड, मराठी, उर्दू वा तुळू बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात तो प्रयोग आजही करता येण्याजोगा आहे आणि त्यासाठी नवीन पुस्तकाची गरज नाही. विद्यापीठपूर्व इंग्रजीच्या पुनर्विचाराची सुरुवात अभ्यासक्रमाच्या यादीऐवजी प्रश्नपत्रिकेपासून व्हावी, असे म्हैसूरचा हा इतिहास सुचवतो.