परीक्षकांचीही परीक्षा घेणारा रेडिओलॉजिस्ट

वैद्यकाच्या इतिहासात डॉक्टरांची नावं येतात, संपादकांची फारशी येत नाहीत. तरीही कुठला शोध जगापुढे जायचा आणि कुठला खणात पडून राहायचा, हे बऱ्याचदा संपादकाच्या टेबलावर ठरतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक स्टॅनली सीगलमन यांनी दोन्ही कामं केली. ते रेडिओलॉजिस्ट होते आणि १९८६ ते १९९७ या काळात ‘रेडिओलॉजी’ या नियतकालिकाचे संपादकही होते. उत्तर अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेचं हे नियतकालिक १९२३ पासून निघतं. या शाखेत त्याचा शब्द वजनदार मानला जातो.

त्यांची दोन्ही कामं शेजारी ठेवून पाहिली की दोन्हींत एकच प्रश्न दिसतो. मोजणाऱ्यावर भरवसा ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

आधी डॉक्टर म्हणून केलेलं काम पाहू. कुठल्यातरी वेगळ्याच कारणासाठी छातीचा एक्स-रे काढला जातो आणि फुफ्फुसात एक छोटी गोल गाठ दिसते. माणसाला काहीच त्रास नसतो. ती कॅन्सरची सुरुवात असू शकते किंवा भरून आलेल्या जुन्या दुखण्याची खूणही असू शकते. क्षयाची जखम भरते तेव्हा शरीर तिथे कॅल्शियम साठवतं. आपल्याकडे अशा खुणा पुष्कळ छात्यांमध्ये सापडतात. अमेरिकेत ओहायो आणि मिसिसिपी नद्यांच्या खोऱ्यांत एका बुरशीच्या संसर्गामुळे त्या तयार होतात. गाठीत कॅल्शियम भरपूर असेल तर ती बहुधा निरुपद्रवी. पण विरळ पसरलेलं कॅल्शियम साध्या एक्स-रेमध्ये दिसत नसे. मग खात्री करण्यासाठी छाती उघडायची वेळ येई. कितीतरी जणांनी विनाकारण हे भोगलं.

सीटी स्कॅन आला आणि चित्राबरोबर आकडाही मिळू लागला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे १०००. वस्तू जितकी घट्ट तितका आकडा मोठा. १९८० साली सीगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८८ रुग्णांमधल्या ९१ गाठींचा अभ्यास छापला. एक्स-रेमध्ये या गाठींत कॅल्शियम दिसलं नव्हतं. त्यातल्या ३३ निरुपद्रवी निघाल्या, बाकीच्या कॅन्सरच्या. निरुपद्रवी गाठींपैकी २० गाठींचा आकडा १६४ च्या पलीकडे गेला. कॅन्सरच्या गाठी मात्र त्या रेषेच्या अलीकडेच राहिल्या. म्हणजे चाकू न लावता काही जणांना सांगता येणार होतं की, घाबरू नका, घरी जा.

या निबंधावर दुसरं नाव होतं अल्जीरियातल्या नेद्रोमा गावी जन्मलेल्या इलियास झेरहूनी या तरुण डॉक्टरचं. हेच झेरहूनी पुढे २००२ ते २००८ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संचालक झाले.

पण लगेच अडचण उभी राहिली. दुसऱ्या रुग्णालयांत तो आकडा जुळेना. यंत्र बदललं, रुग्णाची अंगलट बदलली की आकडाही बदले. १६४ ची रेषा एका ठिकाणी खरी, दुसऱ्या ठिकाणी फसवी. झेरहूनींनी त्यावर उपाय काढला. छातीची एक नकली प्रतिकृती बनवली आणि तिच्यात ठरावीक घनतेची नकली गाठ ठेवली. आधी रुग्णाची गाठ मोजायची, मग त्याच यंत्रावर ही नकली गाठ मोजायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या. थोडक्यात, रुग्ण तपासण्याबरोबर यंत्रही तपासायचं. पुढे जास्त चांगली यंत्रं आली आणि ही पद्धत मागे पडली. तिच्यातला विचार मात्र टिकून राहिला.

आता संपादकाच्या टेबलाकडे येऊ. नियतकालिकाकडे आलेला निबंध त्या विषयातल्या जाणकार परीक्षकांकडे जातो. ते मत देतात आणि त्यावर संपादक निर्णय घेतो. यात सगळा भार परीक्षकाच्या सचोटीवर. पण त्याची मोजपट्टी सरळ आहे की वाकडी, हे कोण पाहणार?

सीगलमन यांनी ते पाहिलं. परीक्षकांनी वर्षानुवर्षं दिलेले गुण त्यांनी काढले आणि सरासरीपासून कोण किती दूर जातो ते तपासलं. १९९१ साली त्यांनी ‘रेडिओलॉजी’मध्येच त्यावर लेख लिहिला. परीक्षकांचे पाच गट त्यात होते. जवळजवळ प्रत्येक निबंध मारून टाकणारे ते मारेकरी. त्यांच्या अलीकडे, थोडे कडक, गुण खाली ओढणारे. मध्ये समतोल राखणारे बहुसंख्य. त्यांच्या पलीकडे चटकन विरघळणारे. आणि शेवटी, जे येईल त्याला डोक्यावर घेणारे कट्टर पाठीराखे. मारेकऱ्यांसाठी त्यांनी वापरलेला इंग्रजी शब्द ‘असॅसिन’ मुळात अरबीतून युरोपात गेला. निज़ारी इस्माइलींना त्यांच्या विरोधकांनी चिकटवलेलं ते नाव.

हा केवळ विनोदी वर्गीकरणाचा खेळ नव्हता. मारेकऱ्याच्या हाती पडलेला निबंध एखाद्या तरुण संशोधकाची काही वर्षं गिळू शकतो. आणि विरघळणारा परीक्षक काय करू शकतो, याचं उदाहरण तेव्हा ताजं होतं. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट स्लटस्की नावाचा संशोधक एका काळात दर दहा दिवसांना एक या वेगाने निबंध छापत होता. १९८५ साली बढतीच्या वेळी एका सहकाऱ्याला त्याच्या दोन निबंधांत तेच ते आकडे दिसले. चौकशी झाली. १३७ पैकी ७७ निबंध ग्राह्य, ४८ शंकास्पद आणि १२ सरळ बनावट ठरले. हृदयरोग आणि रेडिओलॉजीच्या नियतकालिकांतून, परीक्षकांच्या डोळ्यांखालून ते पार झाले होते.

कडक परीक्षक काढून टाका किंवा मऊ परीक्षकांना हाकला, असा याचा अर्थ नाही. कोणाची मोजपट्टी कुठे झुकते हे माहीत असलं की त्याच्या शब्दाची किंमत नीट ठरवता येते. नकली गाठीचं काम तेच होतं. यंत्र चुकतं म्हणून कोणी फेकून दिलं नाही, ते किती चुकतं हे मोजलं.

आपल्याकडे प्राध्यापकाची बढती बराच काळ निबंधांच्या संख्येशी बांधलेली राहिली. मग पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं उगवली आणि विद्यापीठ अनुदान आयोगावर मान्य नियतकालिकांच्या याद्या करायची वेळ आली. यादीमुळे नियतकालिकाचं नाव कळतं, पण तिथे बसलेला परीक्षक मारेकरी आहे की विरघळणारा, हे यादी सांगत नाही. ते शोधायला स्वतःच्याच दप्तरातले जुने कागद काढून, आपणच नेमलेल्या माणसांचे निकाल तपासणारा संपादक लागतो. निकाल देण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येक खुर्चीला हा हिशेब लागू आहे. तो मांडण्याची तयारी फार थोडे दाखवतात. सीगलमन यांनी ती दाखवली आणि आपल्याच नियतकालिकात छापून जगापुढे ठेवली.