अपस्मारातील तारकापेशी आणि जनुक-अभिव्यक्ती

अपस्मार म्हणजे फेफरे. मेंदूतील चेतापेशींचे मोठे गट एकाच वेळी अनावर उत्तेजित होऊन वारंवार झटके येणारा हा विकार जगात सुमारे ५ कोटी लोकांना आहे आणि त्यांतल्या जवळपास एकतृतीयांश रुग्णांचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. प्रचलित औषधांपैकी बहुतेक चेतापेशींच्या सोडियम वा कॅल्शियम मार्गिकांवर, किंवा गाबा या शामक रसायनाच्या द्वारे काम करतात. चेतापेशींना वेढून असणाऱ्या तारकापेशी, म्हणजेच ॲस्ट्रोसाइट, उपचारांच्या विचारात फारशा आल्याच नाहीत. अपस्मारग्रस्त भागात त्या फुगतात आणि जीएफएपी हे प्रथिन अधिक बनवतात. हा झटक्यांनी मागे ठेवलेला व्रण, असे दीर्घकाळ मानले गेले. ही समजूत अपुरी आहे. काही प्रकारच्या अपस्मारात तारकापेशींतील जनुक-अभिव्यक्तीचा बदल झटक्यांच्या कारणांपैकी एक ठरतो.

तारकापेशींचे रोजचे काम पाहिले की यामागची कार्यपद्धती कळते. चेतापेशी उत्तेजित झाली की पेशीबाहेर पोटॅशियम येते आणि ते साचले तर आसपासच्या पेशी अधिक सहज उत्तेजित होतात. तारकापेशी किर ४.१ या मार्गिकेतून ते आत घेतात व एकमेकींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांनी दूरवर पांगवतात. ग्लूटामेट हे उत्तेजक रसायन त्या जीएलटी-१ या वाहक प्रथिनाने उचलतात आणि ग्लूटामीन सिंथेटेज हे विकर त्याचे निरुपद्रवी ग्लूटामीन करते. शंखखंडाच्या अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात हे विकर बरेच घटलेले असल्याचे २००४ मध्ये दाखवले गेले.

यावरचा आक्षेप रास्त आहे: शस्त्रक्रियेतून मिळणारी ऊती वर्षानुवर्षे झटके सोसलेली असते, मग तिच्यातील बदल परिणाम नाहीत हे कशावरून? निव्वळ अशा ऊतीवरून ते ठरत नाही. म्हणून जिथे बदल आधी आणि झटके नंतर, असा पुरावा निर्णायक. जीएलटी-१ चे जनुक काढलेल्या उंदरांना प्राणघातक झटके येतात, हे १९९७ मध्ये दिसले. हे प्रथिन थोडे चेतापेशींतही असते, हा पुढचा आक्षेप. पण २०१५ मधील प्रयोगात ते फक्त तारकापेशींतून काढल्यावर झटके व अकाली मृत्यू आले, फक्त चेतापेशींतून काढल्यावर आले नाहीत. माणसातही दाखला आहे. किर ४.१ च्या केसीएनजे१० या जनुकातील बिघाडाने अपस्मार, तोल जाणे, बहिरेपण आणि मूत्रपिंडाचा क्षारदोष एकत्र येतात, हे २००९ मध्ये उलगडले. जनुकाचा दोष जन्मापासूनचा असल्याने इथे झटक्यांना मूळ कारण म्हणता येत नाही. उंदरांमधील दुसऱ्या एका अभ्यासात झटके आणणारे काइनिक आम्ल टोचल्यावर अवघ्या ४ तासांत तारकापेशींमधील जोडण्या तुटू लागल्या. चेतापेशी मरण्याच्या आणि स्वयंस्फूर्त झटके सुरू होण्याच्याही आधी.

अभिव्यक्ती मोजण्यात मात्र फसगत होऊ शकते. ऊतीचा संपूर्ण तुकडा वाटून आरएनए मोजला, तर चेतापेशी मेल्या म्हणूनही तारकापेशींची जनुके वाढल्यासारखी भासतात; त्यामुळे एकेका पेशीकेंद्रकाची स्वतंत्र मोजणी अधिक विश्वासार्ह. शिवाय प्रथिन किती आहे इतकेच पुरत नाही, ते कुठे आहे हेही लागते: काठिण्य आलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये ॲक्वापोरिन-४ हे पाणी वाहणारे प्रथिन एकूण वाढलेले, पण रक्तवाहिन्यांलगत कमी झालेले आढळते, आणि पाणी व पोटॅशियमचा निचरा तिथूनच व्हायचा असतो.

अभिव्यक्ती कारण असेल, तर ती बदलून रोग रोखता यायला हवा. ॲडिनोसीन हे रसायन झटके दाबते, पण तारकापेशींतील ॲडिनोसीन कायनेज हे विकर वाढले की ॲडिनोसीन लवकर संपते आणि डीएनएवर मिथिल गट चढण्याची प्रक्रियाही वाढते. २०१३ मध्ये अपस्मारी उंदरांच्या मेंदूत रेशमी रोपणातून १० दिवस ॲडिनोसीन सोडले, तेव्हा मिथिल गटांची ही वाढ उलटली आणि औषध संपल्यावरही निदान ३ महिने रोग पुढे सरकला नाही.