अर्जापासून तिकिटापर्यंत

तक्रार करणारा मनुष्य दोन गोष्टी मागत असतो. झालेलें नुकसान भरून निघावें ही पहिली; आणि आपलें म्हणणें कोणीं तरी ऐकून घेतलें एवढें तरी आपणांस कळावें, ही दुसरी. पहिलीस पैसा लागतो, सत्ता लागते, प्रसंगीं न्यायाधीश लागतो. दुसरीस केवळ व्यवस्था पुरते. असें असूनहि ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच दुर्मिळ ठरली आहे. पुणें शहरापुरतें पाहिलें तरी या व्यवस्थेची अडीचशें वर्षांची हकीकत सांगतां येते. तिचें एक टोंक पेशव्यांच्या दप्तरांत आहे, आणि दुसरें टोंक शहराच्या नव्या भागांतील त्या कचेऱ्यांत आहे, जेथें सातासमुद्रांपलीकडील ग्राहकांच्या तक्रारी नोंदविणारें सॉफ्टवेअर घडविलें जातें.

या सॉफ्टवेअरला 'हेल्पडेस्क' असें नांव आहे. त्याचें तत्त्व साधें आहे. तक्रार येतांच तिची नोंद व्हावी. नोंदीस क्रमांक मिळावा. ती कोणाकडे सोंपविली तें ठरावें. उत्तराची मुदत बांधली जावी. आणि काम झाल्यावर ती मिटविली जावी. अशा क्रमांकित नोंदीस 'तिकीट' म्हणतात. शब्द नवा आहे, परंतु नोंद, क्रमांक, मुदत आणि मिटवणूक या चार पायऱ्या नव्या नाहींत. त्यांपैकीं प्रत्येक पायरी पुण्यांत कोणीं ना कोणीं झगडून मिळविली आहे.

पेशवाईंत रयतेची फिर्याद हुजुरापर्यंत जाऊं शकत असे. फिर्यादी स्वतः पुण्यास येई, आपली हकीकत सांगे, आणि ती कागदावर उतरून संबंधित मामलेदारास ताकीदपत्र सुटे. पुण्याच्या पेशवे दप्तरांत अशा कागदांचे हजारों रुमाल बांधलेले आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले. हे कागद चाळणाऱ्यास एक गोष्ट दिसून येते. तक्रार लिहून ठेवण्याची कला या शहरास फार पूर्वींच अवगत होती. पहिली पायरी, म्हणजे नोंद, पेशवाईनें बांधली होती.

परंतु नोंद होणें निराळें आणि दाद लागणें निराळें. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणें, त्याच्याच दारीं तें न्यावें लागलें तर काय होतें, हें १७९१ सालीं पुण्यानें पाहिलें. घाशीराम कोतवालाच्या हुकुमानें कोंडलेल्या ब्राह्मणांपैकीं कित्येक गुदमरून मेले, तेव्हां शहराचा इतक्या दिवसांचा सांठलेला राग एकाच दिवशीं बाहेर पडला आणि कोतवाल दगडांखालीं ठेचला गेला. त्याच्या कारभाराविषयीं लोकांची कुरकुर नवी नव्हती; तिला वाट मात्र नव्हती. जेथें तक्रारीस वाट नसते, तेथें ती दगडाचें रूप घेते.

सौम्य उपायहि होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें १८१९ सालीं पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत तगाद्याची चाल वर्णिली आहे. धनको ऋणकोच्या दारीं जाऊन बसे, किंवा आपला मनुष्य बसवी, आणि उत्तर मिळेपर्यंत तेथून हलत नसे. आज ग्राहक चौथ्यांदा टेलिफोन करून 'माझ्या तक्रारीचें काय झालें?' असें विचारतो, तेव्हां तोहि एक प्रकारें दारीं धरणेंच धरून बसलेला असतो. भेद इतकाच कीं, पूर्वीं दार समोर दिसत असे.

दुसरी पायरी पुण्यानें १८७० सालीं चढली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं शहरांत गाऱ्हाणीं होतीं. परंतु तीं कोणाच्या वतीनें मांडावयाचीं, हा प्रश्न उभा राहिला. चार माणसें सरकारकडे गेलीं तर 'तुम्ही कोणाचे?' असा सवाल होणार. यावर गणेश वासुदेव जोशी यांनीं, म्हणजे पुढें 'सार्वजनिक काका' म्हणून ओळखले गेलेल्या वकिलांनीं, जो तोडगा काढला तो त्या काळीं अपूर्व होता. २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणील त्यालाच सभासद होतां येईल, असा नियम ठरला. आरंभींच्या ९५ सभासदांमागें सुमारें ६,००० माणसें उभीं होतीं. तक्रारीमागें माणसें किती, हें अशा रीतीनें मोजून दाखवितां येऊं लागलें. गाऱ्हाण्यास अंक मिळाला, आणि अंकाबरोबर वजन आलें.

१८७१ सालीं महादेव गोविंद रानडे पुण्यास आले आणि सभेच्या कामास शिस्त लागली. १८७५ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत हिंदुस्थानास प्रतिनिधित्व मिळावें असा अर्ज सभेनें केला. १८७६-७७ च्या दुष्काळांत सभेनें तालुक्यांत माणसें पाठविलीं, पिकांची व पावसाची माहिती गोळा केली, आणि ती पत्रांनीं सरकारास कळविली. दुष्काळी कामांवरील मजुरी कमी झाल्यावर मजुरांनीं कामें सोडलीं, तेव्हां त्यांची बाजू सरकारपुढें मांडणारी संस्था हीच होती. केवळ 'लोक दुःखी आहेत' असें न लिहितां कोणत्या गांवीं काय पिकलें, कामावर किती मजुरी मिळते, हें लिहावयाचें, हा सभेचा धडा होता. तपशील जितका नेमका, तितकें उत्तर टाळणें अवघड.

मग १८९६ चा दुष्काळ आला. त्या वेळीं सभेची सूत्रें बाळ गंगाधर टिळकांच्या पक्षाकडे होतीं. सरकारनें स्वतःच केलेल्या दुष्काळ-नियमांत रयतेस कोणत्या सवलती आहेत, हें सभेनें मराठींत छापून गांवोगांव पोंचविलें. सरकारला हें रुचलें नाहीं. मार्च १८९७ मध्यें मुंबई सरकारनें जाहीर केलें कीं, सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारास लिहिण्याचा हक्क असलेली संस्था म्हणून या सभेस यापुढें मान्यता असणार नाहीं. सभा बंद केली नाहीं, कोणास या ठरावानें कैद झाली नाहीं. केवळ तिच्या कागदांचा स्वीकार थांबला. तक्रारीचें निवारण करण्याऐवजीं तक्रार येण्याचें दारच लावून घेतलें, कीं दफ्तरीं एकहि प्रकरण शिल्लक दिसत नाहीं. हिशेब चोख राहतो आणि रयत जेथल्या तेथें राहते. ही युक्ति त्या सरकारबरोबर नाहींशी झाली असें मात्र समजूं नये.

तिसरी पायरी मुदतीची. स्वराज्यानंतर गाऱ्हाण्याचें क्षेत्र बदललें; सरकारइतकाच दुकानदार आणि कारखानदार हाहि सामान्य कुटुंबाच्या रोजच्या जीवनाचा धनी झाला. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. 'गिऱ्हाईक' हा शब्द आपल्याकडे थोडा थट्टेचा होता. त्या जागीं 'ग्राहक' हा हक्काचा शब्द रूढ करण्यांत या चळवळीचा वांटा मोठा आहे. ठिकठिकाणच्या अशा प्रयत्नांची परिणति म्हणून २४ डिसेंबर १९८६ रोजीं ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि तो दिवस आज राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. वकिलाशिवाय तक्रार मांडतां येईल अशीं न्यायमंचें झालीं. पुढें २०१९ सालीं नवा कायदा आला. मालाची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत, लागत असेल तर पांच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असें त्यांत लिहिलें आहे. ही मुदत नेहमींच पाळली जाते असें नाहीं; परंतु मुदत लिहिलेली असली म्हणजे तिच्या उल्लंघनाकडे बोट तरी दाखवितां येतें.

इकडे हेंच काम यंत्राकडे सोंपविण्याचे प्रयत्न परदेशांत सुरू झाले होते. १९९० सालीं कॅलिफोर्नियांत 'रेमेडी' नांवाची कंपनी निघाली. मोठ्या कचेऱ्यांतील संगणकांच्या बिघाडाच्या तक्रारी नोंदवून वांटून देणें, हें तिच्या सॉफ्टवेअरचें काम. २००२ सालीं तें बीएमसी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीकडे आलें, आणि या कंपनीचें मोठें विकासकेंद्र पुण्यांत आहे. पुढें २००७ सालीं कोपनहेगन येथें 'झेंडेस्क' आणि २०१० सालीं चेन्नईस 'फ्रेशडेस्क' यांचा जन्म झाला. कचेरीच्या आंतील तक्रार-वही आतां दुकानाच्या दर्शनीं भागांत येऊन बसली.

पुण्याचें स्वतःचें उदाहरण 'हेल्पशिफ्ट' या कंपनीचें. अबिनाश त्रिपाठी आणि बैशंपायन घोष यांनीं उभारलेली ही कंपनी २०१२ च्या सुमारास पुढें आली. तिची एक कचेरी सॅन फ्रान्सिस्को येथें होती, परंतु सॉफ्टवेअरची घडण पुण्यांत होत असे. हातांतील फोनवर खेळ खेळणाऱ्यास अडचण आली तर त्यानें खेळ सोडून पत्र लिहावें, मग कंपनीनें विचारावें कीं फोन कोणता, खेळाची आवृत्ति कोणती, आणि या प्रश्नोत्तरांत आठवडा जावा, अशी त्या वेळची रीत होती. हेल्पशिफ्टनें तक्रारीची खिडकी खेळाच्या आंतच बसविली. फोनचा प्रकार, आवृत्ति वगैरे तपशील तक्रारीबरोबर आपोआप जाऊं लागला. नेमका तपशील जोडल्यावांचून अर्ज पाठवूं नये, ही सार्वजनिक सभेची जुनी शिस्त येथें यंत्राच्या अंगीं बाणली असें म्हणतां येईल. फिनलंडच्या 'सुपरसेल'सारख्या खेळ बनविणाऱ्या कंपन्यांनीं हें सॉफ्टवेअर वापरलें. आणि २०२२ च्या अखेरीस आयर्लंडमधील कीवर्ड्‌स स्टुडिओज या कंपनीनें हेल्पशिफ्ट विकत घेतली.

कायद्यानेंहि या शब्दास मान्यता दिली. जुलै २०२० मध्यें निघालेल्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणें तक्रार-निवारण अधिकाऱ्यानें ४८ तासांच्या आंत पोंच द्यावी आणि एक महिन्यांत निवारण करावें. आपलें गाऱ्हाणें कोठवर आलें हें ग्राहकास पाहतां यावें, म्हणून बाजारपेठ चालविणाऱ्या कंपनीनें प्रत्येक तक्रारीस तिकीट-क्रमांक द्यावा, असेंहि त्यांत आहे. कंपन्यांनीं स्वतःच्या सोयीसाठीं काढलेला तो क्रमांक अशा रीतीनें नागरिकाचा हक्क ठरला.

या सॉफ्टवेअरमध्यें दर कांहीं आठवड्यांनीं सुधारणा होतात आणि पुढें काय येणार याचीं पत्रकें निघतात. नोव्हेंबर २०२२ मध्यें 'चॅटजीपीटी' लोकांपुढें आल्यापासून या पत्रकांतील बहुतेक आश्वासनें एकाच दिशेचीं आहेत. तक्रार वाचून तिचें वर्गीकरण यंत्रच करील. लांब पत्रव्यवहाराचा सारांश काढील. ग्राहक कोणत्याहि भाषेंत लिहो, त्याच भाषेंत उत्तर देईल. आणि अनेक प्रकरणें माणसाच्या हातीं न जातांच मिटतील. यांतील भाषेचें आश्वासन आपल्या दृष्टीनें फार मोलाचें आहे. ज्या गृहिणीस इंग्रजींतून भांडतां येत नाहीं म्हणून ती मुकाट्यानें नुकसान सोसते, तिला मराठींत लिहून मराठींत उत्तर मिळालें तर तो लहान लाभ नव्हे.

परंतु चौथ्या पायरीवर येतांच प्रश्न कठीण होतो. तक्रार मिटली हें ठरविणार कोण? या धंद्यांत एक माप असें आहे कीं, किती तक्रारी माणसापर्यंत पोंचल्याच नाहींत; आणि हा आंकडा वाढला तर तें यश समजलें जातें. ज्यांना खरोखर तत्काळ उत्तर मिळालें ते आणि जे कंटाळून निघून गेले ते, असे दोन्ही प्रकारचे लोक त्या एकाच आंकड्यांत मिसळून जाऊं शकतात. ग्राहक कांहीं दिवस गप्प राहिला कीं तिकीट आपोआप बंद करण्याची सोयहि अशा यंत्रांत असते. गप्प बसणें म्हणजे समाधान पावणें, असा अर्थ १८९७ च्या मुंबई सरकारासहि सोयीचा वाटला असता.

यंत्राच्या उत्तराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कॅनडांत प्रत्यक्ष उभा राहिला. एअर कॅनडाच्या संभाषण-यंत्रानें एका प्रवाशास सवलतीविषयीं चुकीची माहिती दिली. यंत्राच्या बोलण्यास आपण बांधलेले नाहीं अशा अर्थाचा बचाव कंपनीनें केला. फेब्रुवारी २०२४ मध्यें ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणानें तो बचाव फेटाळून प्रवाशास भरपाई देवविली. कारकुनाच्या जागीं यंत्र बसविलें म्हणून धन्याची जबाबदारी उतरत नाहीं, असा त्याचा आशय.

तेव्हां येणाऱ्या सोयींची परीक्षा फार अवघड नाहीं. उत्तर किती लवकर येतें हें पाहावेंच. परंतु त्याबरोबर आणखी दोन गोष्टी पाहाव्या. यंत्र अडलें असतां जबाबदार मनुष्यापर्यंत पोंचण्याची वाट उघडी आहे काय? आणि बंद झालेलें तिकीट पुन्हा उघडण्याचा अधिकार तक्रार करणाराच्या हातीं आहे काय? पन्नास सह्यांचें मुखत्यारपत्र घेऊन सभासद झालेल्या पुणेंकरांना हे प्रश्न कोणीं समजावून द्यावे लागले नसते. सरकारनें मान्यता काढून घेतल्यावरहि त्यांची सभा मोडली नाहीं. ती आजहि पुण्यांत आहे. दार लागलें म्हणून तक्रार संपली, असें तिनें मानलें नाहीं.